वाइकिकीच्या वाळूवरून शिडाच्या बोटीत : कॅटामरानची दीड तासाची सफर

हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहराच्या वाइकिकी किनाऱ्यावरून सुटणारी कॅटामरान, म्हणजे दोन बुडांची शिडाची बोट, धक्क्याला लागत नाही, ही गोष्ट तिकीट काढताना आम्हाला कोणी सांगितली नव्हती. बोट समुद्रातून थेट वाळूच्या दिशेने येते, किनारा थोडा दूर असतानाच मागच्या बाजूचा नांगर पाण्यात सोडते आणि त्याचा दोर सैल करत करत दोन्ही नाळा, म्हणजे बुडांची पुढची टोके, वाळूला टेकेपर्यंत पुढे सरकते. मग पुढून एक शिडी खाली सोडली जाते. प्रवाशांनी पायताण हातात घेऊन, गुडघाभर आणि कधी मांडीभर पाण्यातून चालत जाऊन, दोन लाटांच्या मधल्या उसंतीत ती शिडी चढायची असते. माझ्याबरोबर सत्तरीला टेकलेली आई आणि धाकटा भाऊ असे दोघे होते. आईने त्या शिडीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिले, आणि ‘तुम्ही दोघे जाऊन या, मी इथेच बसते’ असे जाहीर करून टाकले.

ती बोटीवर चढली याचे सगळे श्रेय एका खलाशाला आहे. हवाईमध्ये वयाने मोठ्या बाईला अनोळखी माणूससुद्धा ‘आंटी’ म्हणतो. त्यात लाडीगोडी नसून तिथला साधा रीतीरिवाज आहे. तो मुलगा पाण्यात उतरला, ‘आंटी, मी सांगेन तेव्हाच पाय उचलायचा’ एवढेच म्हणाला, तीन लाटा जाऊ दिल्या आणि चौथी ओसरताच आईला कोपराखाली हात देऊन दोन पायऱ्या वर चढवले. परक्या देशात आपल्याला कोणीतरी आपल्यासारखीच हाक मारली याचे आईला इतके अप्रूप वाटले की गुडघ्यांचा विषय तिथेच संपला. तरीही, ज्यांना पायऱ्या चढणे खरोखर जड जाते किंवा ज्यांच्याबरोबर चाकांची खुर्ची आहे, त्यांच्यासाठी वाळूवरून सुटणारी बोट योग्य नाही. अशांनी जवळच्याच बंदरातल्या धक्क्यावरून सुटणारी बोट निवडावी. मे ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडून येणाऱ्या लांब लाटा या किनाऱ्यावर मोठ्या होतात आणि चढणे-उतरणे आणखी अवघड होते, हेही ध्यानात ठेवावे. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो आणि त्या मानाने समुद्र सौम्य होता.

अशा बोटी या किनाऱ्यावरून दिवसभर सुटतात. त्यांचे रंग आणि शिडांवरची चित्रे वेगळी असली तरी वाट, वेळ आणि सोयी यांत फार फरक नाही, म्हणून हे परीक्षण एखाद्या विशिष्ट बोटीचे न मानता त्या सफरीचे मानावे. दीड तासाच्या दिवसाच्या फेरीला माणशी साधारण चाळीस ते साठ डॉलर पडतात आणि सूर्यास्ताच्या फेरीला त्याहून जास्त. आम्ही दोन्ही केल्या. पहिल्या दिवशी साडेतीनची, तिघांनी मिळून, आणि दोन दिवसांनी सूर्यास्ताची, फक्त भावाने आणि मी. दोन्हींतली पहिली पुन्हा करावीशी वाटते आणि दुसरी वाटत नाही, याची कारणे पुढे येतीलच.

आधी बोटीविषयी, कारण विसावा मिळतो तो मुख्यतः तिच्या घडणीमुळे. एकाच बुडाची शिडाची होडी वारा भरला की एका अंगावर कलते. प्रवाशाला सतत काहीतरी धरून बसावे लागते आणि खालच्या बाजूला बसलेल्याला समुद्र अंगावर आल्यासारखा वाटतो. कॅटामरानला दोन अरुंद बुडे असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर अंतर असते, त्यामुळे शीड कितीही फुगले तरी बोट फारशी कलत नाही. हातातला पेला ठेवला तिथेच राहतो आणि म्हातारे माणूस निर्धास्त बसते. मात्र ‘या बोटीत बोट लागत नाही’ असे जे सर्रास सांगितले जाते ते पुरते खरे नाही. बाजूने तिरप्या लाटा आल्या की दोन बुडे दोन वेगवेगळ्या क्षणी उचलली जातात आणि एक छोटा, झटक्याचा हेलकावा बसतो. कलणाऱ्या होडीच्या संथ डोलण्यापेक्षा काहींना तोच जास्त बाधतो. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी बोटीच्या मध्यावर, थोडे मागच्या अंगाला बसावे, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी असते.

सर्वांत सुंदर आणि सर्वांत ओली जागा मात्र पुढची. दोन्ही नाळांच्या मध्ये फळ्या नसतात; तिथे घट्ट विणलेले जाळे ताणून बांधलेले असते. त्यावर पालथे पडले की चेहऱ्याखाली हातभर अंतरावरून समुद्र धावताना दिसतो. आधी वाळूवरचा फिका हिरवा, मग प्रवाळाच्या खडकांवरचा तपकिरी-जांभळा, आणि पुढे अचानक, जणू रेघ मारल्यासारखा, गडद निळा. भाऊ संपूर्ण वेळ त्या जाळ्यावर होता आणि उतरताना नखशिखांत भिजलेला होता. फोन, चष्मा आणि पासपोर्ट घेऊन त्या जाळ्यावर जाऊ नये, हे सांगायला नको. तरीही एका सहप्रवाशाची टोपी आमच्या देखत समुद्रार्पण झाली.

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम्’ या शब्दावरून आला आहे. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी लाकडाचे ओंडके दोरांनी बांधून जो तराफा समुद्रात घालत, त्याचे हे नाव. गंमत अशी की तो तराफा होता, त्याला दोन बुडे नव्हती. आज ज्या घडणीला हे नाव चिकटले आहे ती पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांची. दोन लांब होड्या शेजारी-शेजारी ठेवून आडव्या वाशांनी जोडलेल्या त्यांच्या जहाजांना हवाई भाषेत ‘वाआ काउलुआ’ म्हणतात. नाव बंगालच्या उपसागराचे आणि बोट पॅसिफिकची, असा हा जोड आहे. वाइकिकीच्या किनाऱ्यावर आजही उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी एका अंगाला तरंगते लाकूड जोडलेल्या, होड्या लाटांवर घेतल्या जातात. कोकणात उलांडी पाहिलेल्या माणसाला त्या लगेच ओळखू येतात. आईने तर त्यांच्याकडे बोट दाखवून ‘ही आपलीच की’ असा निकाल देऊन टाकला.

पाश्चात्त्य जगाने या घडणीला बराच काळ दाराबाहेर उभे ठेवले होते. नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकारचनाकाराने १८७६ मध्ये ‘अमॅरिलिस’ नावाची दोन बुडांची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. ती इतकी पुढे गेली की पुढच्या शर्यतींतून अशा बोटींनाच वगळण्यात आले. वाइकिकीशी थेट नाते आहे ते वुडी ब्राउन या अमेरिकन बोटबांधणीकाराचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ख्रिसमस बेटावर, म्हणजे आजच्या किरितिमातीवर, त्यांनी स्थानिकांच्या जोड-होड्या धावताना पाहिल्या आणि परतल्यावर अल्फ्रेड कुमालाए आणि रूडी चॉय यांच्या साथीने १९४७ मध्ये ३८ फुटांची ‘मनू काई’ बांधली. मनू काई म्हणजे समुद्रपक्षी. लाटांमधून वाळूवर आणता येईल अशी ती हलकी, वेगवान बोट घेऊन ते याच किनाऱ्यावरून पर्यटकांना फिरवत. आज वाळूला नाळ टेकवून उभी राहणारी प्रत्येक कॅटामरान त्याच परंपरेतली आहे. आमच्या बोटीवर यातले एक अक्षरही कोणी सांगितले नाही. सुटण्यापूर्वीच्या सूचना, म्हणजे जीवरक्षक जाकिटे कुठे आहेत, कोणत्या दोराला हात लावायचा नाही, नाळेवर उभे राहायचे नाही, या सगळ्या नीट, सावकाश आणि दोनदा सांगितल्या गेल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर माहिती म्हणून जे सांगितले गेले ते कोणत्या हॉटेलात कोणता चित्रपट तारा उतरला होता, एवढ्यापुरतेच होते.

प्रत्यक्ष सफर अशी. नांगराच्या दोराने बोट स्वतःला मागे ओढून घेते, यंत्र घरघरते आणि लाटांवर फळ्या घेऊन बसलेल्या तरुणांना वळसा घालत बोट खडकांमधल्या खोल वाटेने बाहेर पडते. पाच-सात मिनिटांनी दोन खलाशी मोठे शीड चढवायला लागतात. इच्छा असेल तर प्रवाशांनाही दोर ओढू देतात आणि भावाने ती संधी अर्थातच सोडली नाही. शीड वर गेले, वाऱ्याने एकदा फडफडले, मग भरले, आणि त्याच क्षणी कप्तानाने यंत्र बंद केले. यंत्राचा आवाज किती मोठा होता हे तो थांबल्यावर कळते. उरला तो बुडांखालून जाणाऱ्या पाण्याचा खळखळाट, दोरांची करकर आणि वारा. या सफरीचे मोल त्या क्षणानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आहे.

वारा हा इथला खरा यजमान आहे. हवाईवर वर्षाचा बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. वाइकिकी ओआहू बेटाच्या दक्षिण बाजूला, कूलाऊ डोंगररांगेच्या आडोशाला आहे, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे येतो. त्याचे दोन परिणाम प्रवाशाला जाणवतात. किनाऱ्याजवळचे पाणी वाऱ्याने खवळत नाही. आणि बाहेर जाताना वारा पाठीशी असल्याने बोट इतकी अलगद सरकते की वेगच समजत नाही. वळून परत निघालो की तोच वारा तोंडावर येतो, बोटीला तिरपे-तिरपे, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने यावे लागते, फवारे उडायला लागतात आणि ज्यांनी जाताना अंगावरचा सदरा काढून ठेवला होता ते तो शोधू लागतात. हवा उष्ण कटिबंधातली असली तरी ओल्या अंगावर तो वारा चांगलाच झोंबतो. वयस्कर माणसांसाठी एक पातळ जाकीट जवळ ठेवावे. हिवाळ्यात कधी कधी वारा फिरून नैर्ऋत्येकडून येतो. त्याला तिथे ‘कोना’ वारा म्हणतात. तो आला की समुद्र थेट किनाऱ्यावर चालून येतो आणि फेऱ्या रद्द होतात. म्हणून ही सफर मुक्कामाच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये.

बोट बाहेर पडली की शहर समोर येते, आणि इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा उमगली. वाळूवर उभे राहिले की वाइकिकी म्हणजे फक्त हॉटेलांची भिंत दिसते. मैलभर पाण्यावरून पाहिले की कळते, ही भिंत म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्यामधली एक अरुंद पट्टी आहे आणि तिच्या मागे हिरव्या, सुरकुतलेल्या डोंगरांच्या खोऱ्यांवर सदा ढग अडकलेले आहेत. वाइकिकी या नावाचा अर्थ उसळणारे पाणी असा आहे. मागच्या खोऱ्यांतून उतरणाऱ्या ओढ्यांमुळे हा सारा भाग एके काळी पाणथळ होता. इथे तारोची, म्हणजे आपल्या अळूच्या जातीच्या कंदाची, शेते आणि माशांची तळी होती. १९२० च्या दशकात ‘आला वाई’ नावाचा कालवा खणून ते पाणी वळवले गेले, भराव टाकला गेला आणि त्यावर आजचे शहर उभे राहिले. त्या पट्टीत दोनच जुन्या इमारती लांबून ओळखता येतात. १९०१ मध्ये उघडलेले पांढरे मोआना आणि १९२७ मध्ये उघडलेले गुलाबी रॉयल हवाईयन ही हॉटेले, दोन्ही आता शेजारच्या उंच इमारतींच्या खांद्याला लागतात. ज्या वाळूवरून आपण बोटीत चढलो तीही सगळी मूळची नाही. किनारा झिजत असल्यामुळे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये समुद्रतळावरची वाळू उपसून इथे पसरावी लागली आहे.

पूर्वेच्या टोकाला डायमंड हेड. २३२ मीटर उंचीचा हा विझलेल्या ज्वालामुखीचा सुळका वाळूवरून बसलेल्या सिंहासारखा दिसतो. पण बोट त्याच्या समोर आली की त्याचे खरे रूप, म्हणजे पावसाने पन्हळी पाडलेली राखेच्या खडकाची उतरण, स्पष्ट होते. त्याचे मूळ नाव लेआही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश खलाशांना त्याच्या उतारावर चमकणारे कॅल्साइटचे स्फटिक हिरे वाटले आणि त्या फसगतीतून आजचे नाव पडले. पायथ्याशी १९१७ मध्ये बांधलेला दीपस्तंभ आहे. त्याच्या अलीकडे, झाडांच्या रांगेपुढे, एक जुनी पांढरट कमान आणि पाण्यात शिरलेली भिंत दिसते; ते पहिल्या महायुद्धात सेवा बजावलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले खाऱ्या पाण्याचे पोहण्याचे कुंड आहे. १९२७ मध्ये ते खुले झाले तेव्हा पहिली उडी ड्यूक कहानामोकू यांनी घेतली होती. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारा हा वाइकिकीचाच पोरगा, आणि लाटांवर फळी घेऊन उभे राहण्याचा खेळ जगभर नेणाराही तोच. कुंड १९७९ पासून बंद आहे. वाळूवरून जाणाऱ्याला त्याचा पडका भाग सहसा दिसत नाही, पाण्यावरून मात्र लपत नाही.

साडेतीनची फेरी घ्यावी असे मी म्हणते त्याचे पहिले कारण वाइकिकीच्या मागचे मानोआ खोरे. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना पाच-सहा किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत, पाऊस पडत असतो. दोन ठिकाणच्या वार्षिक पावसात कित्येक पटींचा फरक आहे. दुपार उतरणीला लागली की सूर्य पश्चिमेला, पाऊस पूर्वेच्या डोंगरावर आणि आपण मधे, अशी जागा साधते. आम्हाला डोंगराच्या कडेला टेकलेले एक बुटके, जाड इंद्रधनुष्य मिळाले आणि सूर्य खाली येत गेला तसे ते वर चढत गेले. भर बाराला ते दिसणे शक्यच नाही, कारण सूर्य फार वर असला की इंद्रधनुष्य क्षितिजाखाली जाते. दुसरे कारण ऊन. होनोलुलू २१ अक्षांशावर आहे आणि मेअखेरीस व जुलैच्या मध्यावर तिथे सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपल्याकडे ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला तिथे ‘लाहाइना नून’ असे नाव आहे. बोटीच्या मध्यभागी कापडाचे छप्पर आहे खरे, पण त्याची सावली दहा-बारा माणसांना पुरेल एवढीच. उन्हाळ्यात दुपारी बाराची फेरी घेणाऱ्याने आराम म्हणून काय मिळवले, हा प्रश्नच आहे. चेहऱ्याला लावायचे मलम घरून नेताना मात्र त्यातले घटक वाचावेत. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली मलमे प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचे मलम पांढरे राहते आणि छायाचित्रांत आपण सगळे नाटकातल्या पात्रांसारखे दिसतो, पण ते चालते.

तिसरे कारण फेब्रुवारीपुरते आहे. डिसेंबर ते एप्रिल या काळात कुबड असलेले देवमासे, म्हणजे हंपबॅक, अलास्काच्या थंड पाण्यातून वीण आणि प्रसूतीसाठी या बेटांकडे येतात. कायद्याने बोटीला त्यांच्यापासून शंभर यार्ड दूर राहावे लागते आणि आमच्या कप्तानाने ते कसोशीने पाळले. लांबवर पाण्यातून वाफेचा एक उभा फवारा उठला, तो वाऱ्याने मोडला, मग काळी पाठ कमानीसारखी फिरली आणि शेवटी शेपूट. एवढेच, दोनदा. पण कप्तानाने शीड ढिले सोडून बोट थांबवली आणि पाच मिनिटे कोणीही बोलले नाही. समुद्री कासवे मात्र जवळून दिसली. ती श्वास घ्यायला वर येतात, म्हाताऱ्या माणसासारखी मान वळवून बघतात आणि खाली जातात. आईला देवमाशापेक्षा कासवच जास्त आवडले. पूर्वेला, दूर क्षितिजावर, निळसर ढगासारखे मोलोकाई बेटही त्या दिवशी दिसत होते. याच महासागरात १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक घडणीची जोड-होडी हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्राशिवाय, मायक्रोनेशियातले पारंपरिक वाटाडे माऊ पियाइलुग यांनी केवळ तारे, लाटा आणि पक्षी पाहून दाखवलेल्या वाटेने. दीड तासात वाळूवर परत येणाऱ्या माणसाने ते आठवून थोडे ओशाळावे, असे मला वाटले.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे गाणी. शीड भरून यंत्र थांबल्यावर जी शांतता मिळते तिचे पैसे आपण दिलेले असतात, आणि बोटीवरच्या लोकांना मात्र तीच रिकामी वाटते. आमच्या पहिल्या फेरीत अर्ध्या तासाने ध्वनिवर्धक सुरू झाला. भावाने विनंती केल्यावर आवाज कमी झाला, तो हसतमुखाने झाला, आणि दहा मिनिटांत पुन्हा पूर्ववत झाला. दुसरी उणीव म्हणजे चढण्या-उतरण्याविषयीचे मौन. ‘किनाऱ्यावरून प्रस्थान’ एवढ्या दोन शब्दांत मांडीभर पाणी, हलती शिडी आणि अनवाणी पाय हे सगळे गृहीत धरलेले असते; बूट-मोजे घालून आलेल्या एका जोडप्याची धांदल पाहवत नव्हती. तिसरी, बक्षिशी. अमेरिकेत सेवेवर पंधरा ते वीस टक्के द्यायची पद्धत आहे आणि खलाशांनी केलेले काम पाहता ती देण्यात मला काही वावगे वाटले नाही. पण उतरण्याच्या शिडीजवळ बरणी धरून उभे राहणे आणि त्याविषयी तीन वेळा विनोद करणे हे अती झाले. आईला हात देऊन चढवणारा मुलगा त्या विनोदांत नव्हता, म्हणून त्याचे पैसे तिने बरणीत न टाकता त्याच्या हातात दिले.

सूर्यास्ताच्या फेरीविषयी थोडक्यात सांगते. दृश्य निर्विवाद सुंदर होते. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास थेट समुद्रात बुडतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकून जमिनीच्या अंगाला मावळतो, त्यामुळे पाण्यात बुडणारा सूर्य हवा असेल तर हिवाळाच बरा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार टिकत नाही. केशरी रंग आला म्हणेपर्यंत जांभळा होतो, आणि मागे वळून पाहिले तर शहराचे दिवे लागलेले असतात. पण या फेरीला येणारे बहुतेक जण पेयांसाठी येतात. २१ वर्षे पूर्ण झाल्याचा मूळ पुरावा दाखवला की पेला हातात मिळतो आणि तिसऱ्या पेल्यानंतर आवाज चढतात. बोट काठोकाठ भरलेली होती, जाळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सूर्य टेकला त्या नेमक्या मिनिटाला सगळे जण एकाच बाजूला फोन उंच धरून उभे राहिल्याने बसलेल्यांना फक्त कोपरे दिसली. त्या संध्याकाळी वाराही पडला होता, म्हणून शीड केवळ शोभेपुरते चढवले गेले आणि पूर्ण वेळ यंत्र चालू राहिले. वारा कोणाच्या हातात नसतो, त्याचा दोष मी देत नाही. पण दुपारच्या फेरीपेक्षा जास्त पैसे मोजून आम्हाला शिडाची बोट मिळालीच नाही, हेही खरे. तरुण मित्रमंडळींना, ज्यांना समुद्रावर मेजवानी हवी आहे, त्यांना ही फेरी आवडेल. विसाव्यासाठी जाणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या दिवसाची, साडेतीनच्या आसपासची फेरी घ्यावी, अर्धा तास आधी पोहोचावे आणि चढताच डाव्या बाजूची, छपराच्या कडेची जागा धरावी. पूर्वेकडे जाताना शहर आणि डायमंड हेड त्याच अंगाला येतात.

पहिल्या दिवशी परत येताना आईने पुढच्या फेरीच्या वेळा विचारल्या, म्हणजे तिला पुन्हा यायचे होते. दोन दिवसांनी आम्ही संध्याकाळची निवडली तेव्हा मात्र तिने ‘अंधारात ती शिडी नको’ म्हणून नकार दिला, आणि तो शहाणपणाचा ठरला. कारण परततो तोवर काळोख झालेला असतो, लाट कुठून येते ते दिसत नाही आणि खलाशाच्या हातातल्या विजेरीच्या भरवशावर पाण्यात पाय टाकावा लागतो. दिवसाच्या फेरीत उतरणे चढण्यापेक्षा सोपे होते. नाळ वाळूला टेकली, तोच मुलगा पुन्हा पाण्यात उतरला आणि आई या वेळी त्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता, लाट स्वतःच मोजून खाली आली. आम्ही पायावरची वाळू झाडेपर्यंत बोटीने नांगराचा दोर ओढायला सुरुवात केली होती, आणि किनाऱ्यावर पुढच्या फेरीची माणसे चपला हातात धरून, शिडीकडे पाहत उभी होती.